यंदा काय नवीन?

बाभुळगावच्या बसस्टँडमागे आयकराचे रिटर्न भरून देणारे एक भाऊ बसतात. माणूस समोर बसला की ते आधी उत्पन्न विचारत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "यंदा काय नवीन केलं?" त्यावरूनच फॉर्म ठरतो, असं त्यांचं म्हणणं. मी निवृत्त शिक्षिका. दरवर्षी सांगायची, "काही नाही, पेन्शन." मग ते पडलेल्या आवाजात म्हणायचे, "मंग एक नंबरचाच फॉर्म." जणू मी पुन्हा नापास झाले.

यंदाही "काही नाही" म्हणत मी पिशवीतून कागद काढले, आणि भाऊंना सटासट शिंका सुरू झाल्या.

"मॅडम, कागदाले मिरचीचा वास काहून येऊन राह्यला?"

मी लाजत सांगितलं, "घरी मिरची कांडपाची मशीन टाकली. गिऱ्हाइकं येतात. पण तो काय धंदा म्हणायचा?"

"धंदाच हाये! लपवता कायले?" डोळे पुसत भाऊ उठून उभेच राहिले आणि बाहेरच्या चहावाल्याला ओरडले, "सगळ्यायले चहा दे रे! मॅडम धंदेवाल्यायच्या चार नंबरच्या फॉर्मात गेल्या!"

बाकावरच्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर मी पोरांना वरच्या वर्गात चढवलं. मला चढवणारा पहिल्यांदाच भेटला, तोही शिंकत शिंकत.