जावयासमोर कवळी काढायची नाही

मंडळी, आज सासूबाईंना इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनमध्ये डेंटिस्टकडे नेलं होतं. पुण्याहून आल्यापासून त्यांची खालची कवळी हलत होती, पोळी दुधात कुस्करून खायच्या.

डेंटिस्टबाईंनी विचारलं, रात्री कवळी काढता का? दुभाषा मीच. सासूबाई हळूच म्हणाल्या, "हो म्हणून सांगा." मी सांगितलं. बाईंनी हिरडीवरचे लाल वळ मला दाखवले.

मग एक्स-रे समजावला. दात असतात तोवर चावण्याचा जोर मुळांतून हाडाला मिळतो आणि हाड टिकतं. दात गेले की ते झिजायला लागतं. त्यात रात्रंदिवस कवळीचा दाब, म्हणजे आणखी झीज. कवळी होती तशीच होती, तिच्याखालचं हाड कमी झालं होतं.

"अहो आई, मग काढत का नाही?"

"एका खोलीचं घर तुमचं. जावयासमोर बोळक्या तोंडाने कशी वावरू?"

हे जर्मनमध्ये सांगितल्यावर बाई हसल्या. म्हणाल्या, गेलेलं हाड परत येणार नाही, पण उरलेलं पुष्कळ आहे. कवळी आतून भरून घट्ट करू. रात्री मात्र बाहेर.

कवळी उद्यापर्यंत लॅबमध्ये आहे. संध्याकाळी सासूबाई तोंडावर पदर धरून जेवायला बसल्या. माझा मऊ भात करपलेला निघाला. मला बोलण्याच्या नादात पदर कधी सुटला, त्यांना कळलंच नाही.

तुमच्याकडे कोणी कवळीवाले पाहुणे आलेत का? रात्री काढता का, ते विचारा. आणि "हो" म्हणाले तर लगेच विश्वास ठेवू नका.