कुसुमचं ट्रेनिंग

कुसुम पुण्याला ट्रेनिंगसाठी गेली त्या दिवशी मी सुया उकळायचं भांडं इतकं घासलं, की डॉक्टरसाहेब म्हणाले, बाई, भोक पडेल त्याला... चाळीसेक वर्षं झाली. खालापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात आम्ही दोघी नर्स होतो.

ट्रेनिंग मानसिक आजारांचं होतं. गावातली अशी माणसं ओळखायची कशी, घरच्यांशी बोलायचं कसं, औषध चालू ठेवायचं कसं. आमच्याकडून एकीलाच पाठवायचं होतं, आणि मला जायचं होतं.

कारण माझे मिस्टर. चौक गावात एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होते, हात चांगला होता. मग हळूहळू बोलणं थांबलं, कामावर जाणं थांबलं, भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. आम्ही बौद्ध, देवदेवस्की सासऱ्यांनीच घराबाहेर काढलेली... तरी सासूबाई मिस्टरांना गुपचूप भगताकडे घेऊन गेल्या. शेवटी अन्न सोडलं, तापाचं निमित्त झालं, आणि गेले.

त्यानंतर मी नर्सचा कोर्स केला, नोकरीला लागले. मिळेल ते वाचायचे, पुडीचा कागदसुद्धा. त्यांना नेमकं काय झालं होतं, ते कुठेतरी लिहिलेलं सापडेल असं वाटायचं... सापडलं नाही.

साहेबांनी मला बाजूला घेऊन समजावलं, तुमच्या घरात हे होऊन गेलंय, तुम्हाला जड जाईल. भल्यासाठीच म्हणाले. पण ज्या कारणासाठी मला जायचं होतं, त्याच कारणाने माझं नाव कापलं गेलं.

कुसुम परत आली ती खांद्याला नवी पिशवी लावून. माझ्याहून लहान, बोलायला गोड, आणि आता दर दोन वाक्यांनी ‘आमच्या ट्रेनिंगला’. मी तिच्यासमोरून उठून जायचे. तिने आणलेली बाकरवडी मी दवाखान्यात आलेल्या पोरांना दिली, स्वतः एक तुकडा खाल्ला नाही.

पुढे खालापूरला कर्जत-खालापूरच्या सगळ्या नर्सेससाठी एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवलं. पुण्याहून मॅडम आल्या होत्या. कुसुमने पेशंटच्या घरी जाऊन कसं बोलायचं ते करून दाखवायचं होतं. जी नर्स पेशंटची बायको बनणार होती तिची एसटी चुकली, आणि मॅडमनी विचारलं, कोण येतंय?

मी उठले. खोटं कशाला सांगू, कुसुमची फजिती करायलाच उठले. हिच्या ट्रेनिंगमध्ये नसेल असा पेशंट देते हिला, म्हटलं... आणि माझाच नवरा दिला.

तिने विचारलं, काय त्रास आहे? मी पदर खोचून आमच्या बोलीत सुरू झाले. “बोलत नाय, कामाला जात नाय. भगत झाला, अंगारा झाला. आता तुमचं ट्रेनिंग झालंय ना बाई, मंग तुमीच सांगा काय झालंय त्यांना.” सगळा हॉल हसला.

कुसुम हसली नाही, चिडलीही नाही. हातातला कागद तिने खाली ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि नुसती थांबली... मला वाटलं, अडकली. मग हळूच म्हणाली, “त्यांचं सांगितलंत. तुमी जेवता का, ताई?”

या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. आजारपणात घरी किती माणसं येऊन गेली. सगळ्यांनी त्यांचं विचारलं, मी काय चुकले तेही विचारलं... हे कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, “ते जेवले की जेवायचं, असं ठरवलं होतं मी. ते जेवायचेच नाहीत गं.” खोचलेला पदर काढून मी डोळ्यांना लावला.

टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, बाई, काय सुंदर काम केलंत. एकट्या कुसुमने टाळी वाजवली नाही, ती माझा हात धरून बसली होती.

परत येताना एसटीत मी तिला विचारलं, त्यांना काय झालं होतं गं? तिने सरळ सांगितलं, “आजार होता, ताई. बाधा नाय, आणि तुमची चूक तर नायच नाय. औषध असतं त्याला.” खिडकीबाहेर चौकचं ते गॅरेज मागे गेलं...

नंतर कुंभिवलीच्या रस्त्यावरचा एक पंक्चरवाला असाच गप्प झाला. कुसुम त्याच्या घरी जात राहिली, गोळ्या चालू ठेवल्या. काही महिन्यांनी मी तिथून जात होते, तर तो टायर ठोकत बायकोवर ओरडत होता, चहा गार का दिला म्हणून. ती त्याच्याहून मोठ्याने उत्तर देत होती.

मी रस्त्यात उभी राहून ते भांडण ऐकलं. ट्रेनिंगला गेलेल्या कुसुमचा केला नव्हता इतका हेवा मी त्या बाईचा केला... अजूनही करते. असं गार चहावरचं भांडण माझ्या वाट्याला आलं असतं तर.

कुसुम, तुझी नात तुला हे वाचून दाखवेल. ‘जेवता का’ म्हणून तू विचारलंस, त्या दिवशी घरी जाऊन मी भात टाकला होता, आणि एकटीच पोटभर जेवले होते. तुला सांगायचं राहिलं होतं.