बांधावरचा माणूस

माझ्या थोरल्या भावाला काश्मीरच्या लढाईत पदक मिळालं होतं. त्या पदकाचं कौतुक गावाला. मला दादा आठवतो तो चाकणजवळच्या आमच्या कांद्याच्या वावरात, रिकाम्या हातांनी बांधावर उभा राहिलेला. तो सुट्टीवर आला होता आणि बांध कुणी कोरला यावरून वडील आणि चुलते हातघाईवर आले होते. वडिलांनी चुलत्यांच्या डोक्यावर काठी उगारली. दादा मध्ये शिरला आणि तो तडाखा त्यानं आपल्या खांद्यावर घेतला. त्यानं ना हात उचलला, ना कुणाची बाजू घेतली.

पुढं त्याची पलटण शांतिसेनेत गाझाला गेली. 'इथं दोन देशांच्या मधोमध उभं राहायचं. आपल्या बांधावरचंच काम आहे,' असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. तिथंच, सुरुंग पेरलेल्या वाळूत अडकलेल्या एका मेंढपाळाला बाहेर काढताना तो गेला.

तार आल्यावर चुलते भेटायला आले. भिंतीवरच्या पदकाकडं बघत म्हणाले, "लढाईत गेला असता तर गोष्ट येगळी. दुसऱ्याच्या भांडणात फुकट जीव घालवला पोरानं."

माझं डोकं असं फिरलं, की त्यांच्यापुढं केलेला पाण्याचा तांब्या मी मागं घेतला. पण थोरामोठ्यांपुढं कधी तोंड न उघडणारी वहिनी माझ्याआधी बोलली.

"मामंजी, तुमच्या डोक्यावरची काठी त्यांनी झेलली, तवा ते कुणाच्या भांडणात पडले व्हते?"