नर पपईचं फळ

मी दुसरीपर्यंतच शिकलो. म्हणून कोणी मले शिकवाले आलं की राग येतो, अन् माझ्याच अंगणातल्या झाडाबद्दल शिकवाले आलं तर जास्तच.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता. मलकापूरच्या बाजारातून आणलेल्या पपईच्या बिया बायकोनं न्हाणीच्या पाण्याजवळ टाकल्या. त्यातलं एक झाड छपराच्या वर गेलं. पपई फिरंग्यायनं समुद्रापारून आणली म्हणतात, पण आमच्याकडे ती घरचीच झाली होती. कच्चीचा चीक गजकर्णाले लावत, मटण शिजत नसलं तर तिची फोड टाकत. माझ्या झाडाले मात्र फळच नाही. लांब दांड्यायवर नुसते फुलांचे झुबके.

बायकोचा थोरला भाऊ बागाईतदार. तो पाहून हासला.

"जवाईबापू, हे नर हाय. तोडून टाका."

"माझ्या अंगणातलं हाय, फळ देईन."

"अन् नाही देल्लं त?"

"मिशी काढीन. देल्लं त तुम्ही काढा, भाऊ!"

बोलून बसलो. तेव्हा माझी मिशी पाहून कोतवाल बाजूले सरके.

न फळणाऱ्या झाडाले धमकावाची आमच्याकडे रीत होती. मी कुऱ्हाड उगारली, "तोडतो तुले!" बायकोनं झाडाच्या वतीनं हात जोडले, "नका तोडू हो, यंदा देईन ते."

कुडाजवळून भाऊ ओरडला, "बाप्याले कुऱ्हाड दाखवल्यानं लेकरू होते काय?"

बायको हात जोडल्या जोडल्याच हासली. मी तिच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोललो नाही.

हिवाळ्यात एका दांड्याच्या टोकाले खरोखर फळ धरलं. लांबोडकं, अन् वीतभर खाली लोंबकळत. गाव गोळा झालं. भाऊ म्हणाला, "दोरीनं बांधलं हाय! बाजारातून आणून!"

दिसत होतं तसंच. मी शपथा घेतल्या, लोक हासले. भावानं न्हाव्याले बोलावणं धाडलं, तो धोपटी घेऊन हजर. माझा हात मिशीवर गेला.

"दांड्याले नख मारा," मी म्हटलं. "दोरीतून दूध निघते काय, पाहू."

भावानं बाजेवर चढून, टाचा उचलून नख मारलं. पांढरा चीक टपकन त्याच्याच मिशीत पडला.

मी न्हाव्याले म्हटलं, "गिऱ्हाईक बदललं बे."

बायको मधात आली. "बिनमिशीच्या भावाले मी ओवाळणार नाही."

मग मीच सूट देल्ली. हे फळ पिकलं की भावानं सगळ्यायसमोर पुरं खावं, अन् गोड हाय म्हणावं. तसं ठरलं. पिकल्यावर सगळे पुन्हा जमले, न्हावीही आला. मी चाखलं नाही. जिंकलेल्या माणसाले चाखाची गरज नसते.

भाऊ अर्ध्यावर थांबला. तोंड वाकडं, डोळ्यांत पाणी. न्हाव्याकडे वळून म्हणाला, "वस्तरा आणला काय बे?"