सुतकातला आकडा

दिग्रसकडच्या एका धरणाच्या काठावर मानीबाईचा तांडा आहे. पिण्याचं पाणी धरणातलंच, म्हणून पाण्यात एक पिवळा तरंगता डबा सोडलेला. डब्याखालचं यंत्र दर पंधरा मिनिटांनी पाण्यातलं शेवाळ मोजतं आणि आकडा मानीबाईच्या आणि पाणीपुरवठा ऑफिसच्या मोबाइलवर पाठवतं. आकडा चाळिसाच्या वर गेला की पंप बंद करायचा. यंत्राच्या काचेवर बुळबुळीत थर साचतो. तीन दिवसांआड डोंग्यातून जाऊन तो पुसणं हे मानीबाईचं काम. साठीला टेकलेली बाई, पण डोंगा असा वल्हवी की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं.

काचेला हात लावण्याआधी ती नमस्कार करायची. "पाण्याचा डोळा हाय थो," म्हणायची.

मागच्या वर्षी तिचा नवरा बाबूसिंग गेला. दहा दिवसांचं सुतक. सुतकात देवाला शिवत नाहीत, मग या डोळ्याला कसं शिवायचं? ती गेली नाही, आणि कुणाला सांगावं हेही तिला सुचलं नाही. काच आंधळी झाली. आकडा अकरावर जो बसला तो हलेना. ऑफिसातल्या साहेबांना आकडा येण्याशी मतलब. तो हलत का नाही, हे विचारायला सवड कुणाला होती! नवव्या दिवशी पाण्याला वास आला. लोक कपड्यानं गाळून प्यायले. अर्धा तांडा ओकाऱ्यांनी आडवा झाला. बाकीचे उठले; शेजारच्या संगीताची पाच वर्षांची खुशी उठली नाही. डॉक्टर म्हणाले, नक्की कशानं ते सांगता येत नाही.

मानीबाईला सांगता येत होतं. तिनं सांगितलं नाही.

तेव्हापासून ती रोज जाऊ लागली. डोंग्यात बसली की मागची बाजू जड वाटे, कुणी लहानसं बसल्यासारखी. वळून बघायची तिची छाती होत नसे. परतल्यावर संगीता तिला चहा देई, मायेनं देई, आणि मानीबाई तो अर्धाच ठेवून उठे.

यंदा थोरला दीर पूनमसिंग वारला. पुन्हा सुतक. चार दिवस तिनं मन मारलं. दुसऱ्या कुणाला पाठवावं, तर का ते सांगावं लागलं असतं, आणि मागच्या वर्षीचं उघडं पडलं असतं. पाचव्या दिवशी सकाळी घर बायकांनी भरलेलं, आणि तिची नजर मोबाइलवर. चौदा. पुन्हा चौदा. पुन्हा चौदा. ती उठली.

"कुठं चालली? सुतक हाय न!" जाऊ ओरडली.

"असू दे. मले जाऊ दे."

बायका काठापर्यंत मागं आल्या. मानीबाईनं ओढणीच्या शेवानं काच पुसली आणि डोंग्यातच बसून राहिली. मोबाइल वाजला. त्र्याऐंशी.

"पंप बंद करा! कोणी पाणी पिऊ नका!" तिचा आवाज चिरकला.

पंप थांबला, भरलेल्या घागरी ओतल्या गेल्या. बाईनं तांडा वाचवला, असं जो तो म्हणू लागला.

काच पुसली तेव्हाच खरा आकडा आला, हे संगीतानं हेरलं होतं. डोंगा टेकला तशी तिनं हात देऊन मानीबाईला उतरवलं. हात सोडला नाही.

"याडी," आईला म्हणावं तसं ती हळूच म्हणाली, "मागच्या सुतकात काहून नाई गेली?"

मानीबाईला खोटं बोलता आलं असतं. पण वर्षभर गिळलेलं आता पोटात राहीना.

"सुतक पाळलं म्या, संगीता. तुही पोर माह्यापायी गेली."

संगीतानं हात सोडला.