नेलपॉलिशचं सील

पहिलेच सांगून ठेवतो — आमच्या घरी लिंबू फक्त पोह्यांवर पिळतात. दुकानाच्या दारालाही मी कधी बांधलं नाही. करणी, नजर, भूतबित... असलं कोणी सुरू केलं की मी चपला घालून निघतो. त्यामुळे खालचं वाचून ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं. मीही हसलोच असतो.

पुसदला बसस्टँडजवळ, पहिल्या माळ्यावर आमचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझं आणि शकीलचं. चौथीपासूनचा दोस्त, एका डब्यात जेवलेलो आम्ही. कापसानं अख्ख्या जिल्ह्याची कंबर मोडली होती ती वर्षं, त्यामुळे नवीन कॉम्प्युटर कोण घेणार? आम्ही जुने दुरुस्त करायचो, आणि खिडकीजवळच्या एका मशीनवर लग्नपत्रिका, अर्ज, काय येईल ते टाईप करायचो. ती मशीन शकीलनं स्वतःच्या हातानं जोडलेली.

पोळा झाला आणि ती बिघडली. चालता चालता निळी स्क्रीन, की रिस्टार्ट. मी रॅम काढली, खोडरबरनं तिच्या पिवळ्या पट्ट्या घासल्या, परत बसवली. ढिम्म. दुसरी रॅम टाकली. तेच. दिवसभर मेमरी टेस्ट चालवली, एक एरर नाही! शेवटी बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये शिरलो आणि पाहतो तर काय — प्रोसेसरचा स्पीड १३३ च्या जागी १५० केलेला, रॅमचं टायमिंगही नको तितकं ताणलेलं. अशानं कोणतीही मशीन लटकणारच. मी सगळं खाली आणलं. मशीन एकदम गरीब गाय झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा १५०.

"शकील, तू हात लावला का?"

"मी कायले लावू बे? माह्या हातची मशीन हाय ते."

असं चार-पाचदा झालं. सेटिंगला पासवर्ड टाकला, तरी झालं. पासवर्ड दोघांनाच माहीत. दुकानाच्या किल्ल्याही दोघांकडेच.

आणि नेमकं त्याच आठवड्यात खालच्या चहावाल्यानं सांगितलं, "शकीलभाईनं उमरखेडले दुकानासाठी खोली पाह्यली म्हने." चहावाल्याला माहीत, आणि मला एक शब्द नाही! मग सगळं जुळत गेलं... इथली मशीन सारखी बंद पडणार, गिऱ्हाईक वैतागणार, आणि हा तिकडं नवा बोर्ड लावणार. केसानं गळा कापला म्हणतात ना, ते काय असतं ते त्या दिवशी कळलं. दोन रात्री मी धड जेवलो नाही.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, तो घरी गेल्यावर, मी पासवर्ड बदलला. हार्डडिस्कच काढून पिशवीत टाकली. (सॉफ्टवेअरनं झालं असेल म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय.) कॅबिनेट बंद करून मागच्या चारही स्क्रूंवर बायकोचं लाल नेलपॉलिश लावलं. स्क्रू जरा फिरला की पॉलिश तडकतं — आमच्या धंद्यातलं स्वस्त सील. नवा पासवर्ड बायकोलाही सांगितला नाही.

दसऱ्याला सकाळी बायको आणि मी दुकानात पूजा करायला गेलो. तिनं मशीनला हळदकुंकू, झेंडू वाहिला. मी बटण दाबलं. पासवर्ड विचारला, मी टाकला.

१५०.

तेवढ्यात शकील जिना चढून आला. दर दसऱ्याला यायचा तसाच, हातात आपट्याची पानं घेऊन. "घे विज्या, सोनं घे. अन् तुले एक सांगाचं हाय..."

मी बोलूच दिलं नाही. "उमरखेडले जायाचं त जा ना! पन जाता जाता माह्या घराले आग कायले लावून राह्यला?" यापुढचं लिहिण्यासारखं नाही. बायको म्हणत होती, "अवो, आयका तं त्यायचं." कोण ऐकतो?

"तेच सांगाले आलतो," एवढं म्हणाला तो. पानं कीबोर्डवर ठेवली आणि उतरून गेला.

मग मी कॅबिनेट फिरवून पाहिलं. चारही स्क्रूंवर पॉलिश जसंच्या तसं. आणि खरं सांगू? आतला सेल काढून पासवर्ड उडवता येतो, पण मग मशीनमधली तारीखही उडते. तारीख बरोबर होती. ती मी शकील वर यायच्या आधीच पाहिली होती. धंद्यातला माणूस मी, मला कळायला पाहिजे होतं. तरी बोललो.

त्यानं उमरखेडला दुकान टाकलं. इथली मशीन त्यानंतर एकदाही लटकली नाही. रोज १३३. लोक म्हणाले, बघ, गेला तर बंद झालं ना? मीही तेच म्हणत राहिलो.

मागच्या वर्षी तो महागावच्या स्टँडवर भेटला. दाढी पांढरी झालेली. दोघांनी उभ्या उभ्या चहा घेतला.

"ते मशीन... मंग पुन्हा बंद पडली का?" त्यानं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणालो. "एकडावही नाही."

त्यानं कप टपरीच्या फळीवर ठेवला. "मंग मीच असीन, विजूभाऊ," म्हणाला, आणि त्याची गाडी लागली तशी निघून गेला. जन्मात कधी मला भाऊ म्हणाला नव्हता.

त्या मशीनचं सेटिंग रात्रीतून कसं बदलायचं, मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर सांगा, माझं सगळं तपासून झालंय. पॉलिश तडकलं नव्हतं, हे मात्र मी त्याला अजून सांगितलेलं नाही.