वर अभ्यास चालू आहे

लातुरात आमच्या घराचा वरचा मजला कधी आमचा नव्हताच. तिथं ट्यूशनसाठी आलेल्या पोरी भाड्यानं राहायच्या. त्यांचा अभ्यास चालू असला की खाली कुकरची शिट्टी झाली तरी आम्हीच ओशाळायचो. अशा घरात मी इलेक्ट्रिक गिटार आणली. आईनं एकच अट घातली, "पोरींची एक जरी तक्रार आली ना, हे डबडं उदगीरला मामाकडं जाईल बघ." मामाकडं गेलेली वस्तू परत येत नाही, हे मला माझ्या सायकलीवरून चांगलं ठाऊक होतं.

मला खरं तर दणदणीत रॉक वाजवायचं होतं. पण आवाज वाढवायची सोय नाही म्हटल्यावर संथ बॅलड गाणीच उरली. मोबाइलवर बघून शिकायचो. आवाज करकरीत, फाटका करणारं डिस्टॉर्शन बंद, ॲम्प्लिफायर जेमतेम ऐकू येईल एवढा, आणि नख न लावता अंगठ्याच्या मऊ भागानं तार छेडायची. कॉर्ड झोडपायची नाही, एकेक तार सुटी वाजवायची आणि शेवटचा सूर आपोआप विझेपर्यंत गप्प बसायचं. हे गप्प बसणंच मला सगळ्यात जड गेलं. जरा रिकामी जागा दिसली की बोटं शिवशिवायची.

एका दुपारी वर सामसूम वाटली. सगळ्या क्लासला गेल्या असं समजून मी डिस्टॉर्शनचं बटन दाबलं आणि हात धुऊन घेतले. खिडकीच्या काचा थरथरल्या. तेवढ्यात वर खुर्ची सरकली, आणि मी झटकन बटन बंद केलं. त्या दिवसापासून गिटार कपाटामागं गेली.

आठवडाभरानं वरची चाकूरची पोरगी दारात उभी. एरवी मान खाली घालून जिना चढणारी, कधी चकार शब्द न बोलणारी. आईनं 'झालं समाधान?' अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं.

"काकू, दादा आजकाल वाजवत न्हाईत का?"

"तुम्हाला तरास हुतो ना गं. बंदच केलंय त्यानं."

"त्या दिवशीचं नको. पर रोज ते हळू वाजवतेत ना, ते वाजवा म्हणावं. त्याच्याबिगर खोलीत लई एकटं वाटायलंय."

पोरगी वर गेल्यावर आईनंच कपाटामागून गिटार ओढून काढली आणि पदरानं धूळ पुसून माझ्या हातात दिली.

आता मी नांदेडला नोकरी करतो, विष्णुपुरीकडं एकटा राहतो. वर नुसती गच्ची आहे, तक्रार करायला कोणी नाही. परवा पहिल्यांदाच मनासारखा आवाज वाढवला. पण तारेला हात लावायच्या आधी नजर सवयीनं छताकडं गेली. ते घर, आई, वरच्या खुर्च्यांचे आवाज, सगळं आठवलं. मी आवाज पार खाली आणला आणि रोजचं वाजवत बसलो.